अंगापिंडाचा हिशेब

कुस्तीच्या मैदानात पहिली झटापट होते ती डोळ्यांची. पैलवान लांग कसून आत उतरतो, वाकून मातीला हात लावतो, तो हात कपाळाला नेतो; आणि एवढ्या अवधीत भोवतालच्या हजार माणसांनी त्याला तोलून टाकलेले असते. "छाती बघा!" "मांड्या बघा की ओ त्याच्या!" "ह्याच्यापुढं ते पोरगं कसलं टिकतंय!" दोघांनी हातात हात देण्यापूर्वीच निम्मे मैदान निकाल सांगून मोकळे होते. निकाल उलटा लागला तरी कुणी ओशाळत मात्र नाही. "मी म्हणतच होतो, त्याचे पाय हलके होते," असे बजावून तोच गृहस्थ पुढच्या जोडीकडे वळतो आणि पुन्हा छातीवरूनच भविष्य सांगू लागतो.

आमची दुधनी हे सोलापूर-वाडी लोहमार्गावरचे बाजाराचे गाव. अक्कलकोट तालुक्याच्या अगदी कडेला, इतके की दोन पावले चुकली तर माणूस कर्नाटकात जायचा. येथे मालाचा भाव मराठीत सांगतात आणि घासाघीस कानडीत करतात. तूर, मूग, उडीद यांच्या आडतीवर गाव जगते. तालमीला कुणी तालीम म्हणते, कुणी गरडी. पण जत्रेच्या मैदानात हलगी कडाडली, की भाषेचा प्रश्न उरत नाही. दोन्ही भाषांच्या अंगावर एकच काटा उभा राहतो.

ज्यांनी खेड्यातल्या कुस्त्या पाहिल्या नसतील, त्यांना 'जोड लावणे' म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. मोठ्या पैलवानांच्या जोडी अलीकडे महिनाभर आधी ठरतात आणि त्यांच्या तसबिरी चौकातल्या फलकांवर झळकतात. पण दुपारी ज्या कुस्त्या सुरू होतात, पोरांच्या, रेवड्यांच्या आणि नारळाच्या, त्या जागच्या जागी ठरतात. पंच एका पोराचा हात धरून त्याला रिंगणातून फिरवतो. "हाय का कुणी ह्याला जोड?" गर्दीतून दुसरे एखादे पोर सदरा काढत पुढे येते, किंवा त्याचा मामा त्याला मागून ढकलतो. दोघांना शेजारी शेजारी उभे करतात. पंच दंड चाचपतो, खांदे पाहतो, मानेवर हात ठेवतो, आणि मग "चालंल" म्हणतो, किंवा "नको, भारी पडतोय" म्हणून एकाला परत पाठवतो. तराजू नाही, जन्माचा दाखला नाही. सारा न्याय डोळ्यांचा.

हा न्याय मी बरीच वर्षे पाहत आलो आहे, कारण त्या पोरांपैकी निम्मी माझ्या वर्गातली असतात. (जत्रेच्या दुसऱ्या दिवशी गृहपाठ न आणण्यास त्यांच्याजवळ सबळ कारण असते.) आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर पंचांचे डोळे पुष्कळदा खरे ठरतात. अंगाला काहीच अर्थ नाही, असे म्हणणारा माणूस कधी आपल्यापेक्षा वीस किलोंनी जड माणसाच्या खाली सापडलेला नसावा. वजन हे वजन असते. वरून दाबणारा जड असला, तर खालच्याचा दम नुसत्या ओझ्याने जातो. तेथे मोठासा डाव लागत नाही. म्हणून तर साऱ्या जगाने कुस्तीला वजनाचे गट पाडले आणि ते गट इतके कडक केले, की २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये विनेश फोगट अंतिम लढतीच्या सकाळी पन्नास किलोंच्या वर अवघी शंभर ग्रॅम भरली आणि स्पर्धेतून बाद झाली. शंभर ग्रॅम म्हणजे आमच्या बाजारात दुकानदार मूठभर शेंगा वर टाकतो, तेवढे!

पण गंमत अशी, की ज्या क्षणी दोन पैलवान एकाच वजनाचे ठरतात, त्या क्षणी अंगाची साक्ष संपते आणि खरी कुस्ती सुरू होते. काटा म्हणतो, हे दोघे सारखे. मग एक पडतो कसा?

या प्रश्नापाशी आले की मला खाशाबा जाधव आठवतात. सातारा जिल्ह्यात कराडजवळ गोळेश्वर नावाचे गाव आहे, तेथला हा मुलगा. जन्म १९२६ चा. घरात कुस्ती होती, वडील स्वतः पैलवान. हा मुलगा कोल्हापुरास राजाराम कॉलेजात शिकायला गेला. कॉलेजच्या वार्षिक स्पर्धांत भाग घ्यायचा म्हणून तो गेला, तर त्याची किरकोळ अंगकाठी पाहून क्रीडाशिक्षकांनी त्याला घेण्याचेच नाकारले, अशी हकीकत सांगतात. तो थेट प्राचार्यांकडे गेला. प्राचार्य होते बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर. त्यांनी त्याला उतरू दिले. आणि उतरल्यावर त्याने आपल्यापेक्षा आडव्या मुलांना एकामागून एक आडवे केले.

१९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये खाशाबा सर्वांत हलक्या, म्हणजे बावन्न किलोंच्या, गटात खेळून सहावे आले. लाल मातीवर वाढलेल्या पायांना तेथली गादी नवी होती. १९५२ साली हेलसिंकीला जायचे, तर पैसा नाही. त्या वेळी खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. मास्तर मंडळींनी ही गोष्ट वाचून मान खाली घालावी की वर करावी, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी आपला घराचे कागद बायकोच्या पेटीत आहेत, एवढे आठवून गप्प बसतो. हेलसिंकीत सत्तावन्न किलोंच्या गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी या देशांचे मल्ल हरवले, आणि जपानच्या शोहाची इशीशी व रशियाच्या मल्लाशी हार खाऊन कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. बहात्तर वर्षांनी, २०२४ साली, त्याच सत्तावन्न किलोंच्या गटात हरियाणाच्या अमन सेहरावतने पुन्हा कांस्य आणले.

मला या साऱ्यात लक्षात ठेवण्यासारखे वाटते ते हे, की हेलसिंकीतला प्रत्येक प्रतिस्पर्धी वजनाने खाशाबांएवढाच होता. कोल्हापुरातल्या शिक्षकांनी जे पाहून "नको" म्हटले, ते तेथे काट्याने आधीच वजा करून टाकले होते. उरली ती नुसती कुस्ती. आणि ती कोल्हापुरात कुणाच्या डोळ्यांना दिसली नव्हती, कारण ती उभ्या माणसात दिसतच नाही. वाजवल्याशिवाय हलगीचा आवाज कसा सांगणार?

लंडनच्या गोऱ्या लोकांचेही असेच झाले होते. १९१० साली गामा तेथे गेला, तेव्हा त्याची उंची पाहून त्याला स्पर्धेत घेईनात. तो पाच फूट सात इंचांच्या आसपास होता. खरे म्हणजे गामा काही किरकोळ माणूस नव्हे; आमच्याकडच्या एखाद्या वस्तादाने त्याला पाहिले असते, तर त्याची मान आणि मांड्या पाहून दोन पावले मागे सरला असता. पण पाहणाऱ्यांचा डोळा उंची मोजायला शिकलेला होता, जाडी मोजायला नव्हे. म्हणजे अंग पाहून ठरवतो म्हणणारे लोकही सगळे अंग पाहत नाहीत. आपल्या सवयीचा तेवढा तुकडा पाहतात! पुढे गामाने आव्हाने दिली, अमेरिकेचा डॉक्टर रोलर पाडला, आणि पोलंडचा महाकाय झिबिस्को समोर आला. त्या झिबिस्कोने काय केले, तर तो पोटावर मातीला, चुकलो, गादीला चिकटून पडला आणि दोन तासांहून अधिक वेळ तसाच पडून राहिला. एवढा अजस्र देह आणि त्याचा उपयोग भिंतीसारखा! कुस्ती सुटली. दुसऱ्या खेपेस तो आलाच नाही. अठरा वर्षांनी, १९२८ साली, पतियाळास दोघे पुन्हा भिडले, तेव्हा गामाने मिनिटाच्या आत त्याला अस्मान दाखवले. तेव्हा गामा पन्नाशीला टेकला होता.

अंगावरून माणूस ओळखण्याचे शास्त्र करण्याची हौस मात्र विद्वानांनाही सुटलेली नाही. अमेरिकेत विल्यम शेल्डन नावाच्या पंडिताने १९४० साली माणसाच्या शरीराचे तीन साचे सांगितले: गोल, भक्कम आणि सडपातळ. हजारो विद्यार्थ्यांची छायाचित्रे काढून त्याने प्रत्येकाला एक ते सात असे गुण दिले. येथपर्यंत ठीक होते. पण शरीराच्या साच्यावरून स्वभावही कळतो, कोण धीट आणि कोण बुजरा तेही सांगता येते, असे तो म्हणू लागला, आणि तेथे त्याचे शास्त्र चीत झाले. त्याची मोजण्याची रीत दुरुस्त करून खेळांच्या अभ्यासात आजही वापरतात. स्वभावाची गोष्ट मागे पडली.

आपल्याकडे चरकाने हा प्रश्न फार पूर्वी निकालात काढला आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात रोग्याचे बळ कसे तपासावे हे सांगताना तो वैद्याला बजावतो, की केवळ शरीर पाहून फसू नकोस; हा पुष्ट म्हणून बलवान आणि हा कृश म्हणून दुबळा, असे धरून चालू नकोस; लहान चणीची, कृश माणसेही बलवान दिसतात. आणि दाखला कशाचा देतो, तर ओझे वाहणाऱ्या मुंगीचा. हे वाचले तेव्हा मला आमचा बाजार आठवला. तुरीची पोती पाठीवर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणारे आमचे हमाल पाहा. बहुतेक सगळे वाळलेल्या शेंगेसारखे. पिंढरीला मांस म्हणून नाही, नुसत्या शिरा. एखादा नवा, गुटगुटीत गडी येतो, पहिल्या दिवशी दोन पोती एकदम उचलतो म्हणतो आणि तिसऱ्या दिवशी कंबर धरून गावी जातो.

अशाच एका हमालाने गेल्या वर्षी मला एका संध्याकाळी घरी येऊन पेचात टाकले. त्याचा मुलगा माझ्या सातवीच्या वर्गात. पोराला तालमीचा नाद. बाप चौकटीशीच उभा राहिला, आत यायला तयार नाही. म्हणाला, "गुरुजी, तुम्ही शिकलेली माणसं. पोरगं पैलवान होईल का, तेवढं बघून सांगा की ओ."

मी म्हटले, "मी काय सांगणार? आणि एवढी घाई कसली?"

घाई होती. कोल्हापूरच्या तालमीत पोराला ठेवायचे त्याच्या मनात होते. कुणी तरी त्याला सांगितले होते, की लहानपणीच तेथल्या मातीत पडले पाहिजे. पण तालमीत राहायचे म्हणजे खुराक आला. दूध, तूप, बदाम, थंडाई, आठवड्याचे मटण. महिन्याचा तो खर्च त्याच्या मजुरीच्या आवाक्याबाहेर होता. घरात एक म्हैस होती. ती विकून पहिले वर्ष काढायचे, पुढचे पुढे, असा त्याचा बेत. "पण पोराच्या अंगात पैलवान हाय का, ते कळलं तर इकतो," तो म्हणाला. "अंग बघितलं तर काडीगत हाय. मांडीच न्हाई ओ त्याला."

स्वतःच्या काडीएवढ्या पायांवर दिवसभर पोती वाहणारा हा माणूस मुलाच्या मांडीवर रुसला होता. मी हसलो नाही. म्हशीचा प्रश्न होता.

शिक्षक म्हणून मला एक गोष्ट ठाऊक आहे आणि तीच मी त्याला सांगितली. दर जूनमध्ये शाळा उघडते, मुले प्रार्थनेला उंचीप्रमाणे उभी राहतात, आणि दर जूनमध्ये ती रांग मोडून नव्याने लावावी लागते. सातवीत ज्याला मिसरूड फुटते तो रांगेच्या शेवटी उभा राहतो, सगळ्यांना लोळवतो, जत्रेतले नारळ घेऊन जातो. दहावीत पाहावे तर तो रांगेच्या मधोमध आणि त्याने लोळवलेले दोघे त्याच्या मागे. बारा-तेरा वर्षांचे अंग म्हणजे अर्धा लिहिलेला कागद. त्यावरून कसला निकाल काढायचा? पण बापाला याने समाधान होईना. त्याला 'हो' किंवा 'नाही' हवे होते. शेवटी आम्ही तिघे तालमीत वस्तादांकडे गेलो.

वस्ताद म्हातारे. पूर्वी सोलापूर, विजापूर, गुलबर्गा या भागातली मैदाने त्यांनी केलेली आहेत. त्यांचे दोन्ही कान वाळक्या अंजिरासारखे आकसलेले. पैलवानाचा कान माती आणि घासाघाशी खाऊन सुजतो, कातडी आणि कुर्चा यांच्यामध्ये रक्त साकळते, आणि ते वेळीच काढले नाही तर कान तसाच कडक होऊन बसतो. वस्ताद म्हणतात, समोरचा पैलवान पाहायचा तर आधी त्याचा कान पाहावा. छाती बापाची असते, कान त्याने स्वतः कमावलेला असतो.

त्यांनी पोराला आपादमस्तक वगैरे काही पाहिले नाही. नुसता त्याच्या मानेवर पंजा ठेवला आणि खाली दाबला. पोर ताठले नाही. दाबाबरोबर थोडे झुकले आणि बाजूला सरकले. वस्ताद "हं" म्हणाले. मग त्यांनी तालमीतला एक जाडजूड मुलगा बोलावला आणि दोघांना हळदीच्या, ताकाच्या वासाच्या त्या लाल मातीत सोडले.

पहिल्या वेळी आमचे पोर पापणी लवते न लवते तोच पाठीवर. बापाने तोंड फिरवले. दुसऱ्या वेळी तेच. त्या जाड मुलाने एकेरी पट काढला आणि उचलून आपटले. पोर उठले, डोळ्यांतली माती पुसली आणि कुणी सांगण्याआधी पुन्हा उभे राहिले. तिसऱ्या वेळीही ते पडले, पण पडायला वेळ लागला. मला एवढेच दिसले. बापाला तर तेवढेही दिसले नाही.

"तीन डाव पडलं," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"पडलं की," वस्ताद म्हणाले. "पन तिसऱ्या टायमाला पाय बदलला त्यानं. डावा फुडं होता, तो मागं घेतला. मी सांगितलं? तुम्ही सांगितलं, मास्तर?"

आम्ही कुणीच सांगितले नव्हते.

"मंग पैलवान होतोय म्हणा की," बाप आशेने म्हणाला.

"ते मी म्हणत न्हाई." वस्तादांनी मातीची ढेप हातात चुरली. "उंच हाय तो वरनं मान दाबतोय, बुटका हाय तो पटात घुसतोय. अंगावरनं कुठला डाव शिकवायचा ते कळतंय मला. जिंकंल का, ते कळत न्हाई. माझं मलाबी कळलं नव्हतं. म्हस कितीची हाय?"

बापाने किंमत सांगितली.

"दूध किती देते?"

"दोन टायमाचं मिळून सात लिटर."

"आन ती इकून पोराला दूध पाजायला कोल्हापूरला धाडतोस?" वस्ताद म्हणाले. "दोन वरसं हितंच यिऊ दे. सकाळी पाचला. पैसं नकोत. म्हस ठिव. मंग बघू."

बाप खुशीत नव्हता. त्याला वाटले, वस्तादांनी पोराला नाकारले आणि तोंडावर म्हणवले नाही. परत येताना तो वाटभर बोलला नाही. पोर मात्र पुढे उड्या मारत चालले होते, कारण त्याला "यिऊ दे" एवढेच ऐकू आले होते.

या गोष्टीला आता वर्ष झाले. मधल्या जत्रेत पंचाने त्या पोराला रिंगणातून फिरवले. एका धिप्पाड मुलाने पुढे होऊन हात वर केला, तर पंच म्हणाला, "नको, भारी पडतोय," आणि त्याच्याच अंगाचा दुसरा मुलगा शोधून काढला. दोघे बराच वेळ झुंजले. खडाखडी झाली, पट निघाले, सुटले. कुणी चीत झाले नाही. पंचांनी कुस्ती सोडवली आणि दोघांच्या हातांवर सारख्या रेवड्या ठेवल्या. तेथून सुटल्यावर पोर त्या धिप्पाड मुलाच्या कुस्तीला सर्वांत पुढे जाऊन बसले होते आणि कुस्तीभर त्याच्या पायांकडे पाहत होते.

सकाळच्या पहिल्या तासाला आता ते पेंगते. इतिहासाचा तास असला तर मी फार उठवत नाही. उजवा कान जरा सुजलेला दिसला, म्हणून मी डॉक्टरांकडे पाठवले. बाकी वस्तादांनीही तेच सांगितले होते. म्हैस आहे. तिचे दूध आता डेअरीला थोडे कमी जाते, अशी पोराच्या आईची तक्रार आहे, आणि ती तक्रार ती अगदी हसतमुखाने करते.

बाप मात्र अजून वजनावरच आहे. आडतीतल्या काट्यावर बाजार उठल्यावर तो दर आठवड्याला पोराला उभे करतो. आडत्या ओरडतो, काटा खराब होईल म्हणतो, आणि मग स्वतःच वाकून आकडा वाचतो. गेल्या आठवड्यात चौतीस किलो चारशे ग्रॅम भरले. "सदरा काढून?" बापाने विचारले. पोराने सदरा काढला. चौतीस दोनशे.